मेमरी कार्ड भरताना

अगादेझच्या बाजारात, टायरवाल्याच्या भिंतीला टेकून
माझं दुकान : एक पत्रा, एक बॅटरी,
पंख्यातून वाळू खाणारा एक कॉम्प्युटर.
मी गाणी विकत नाही, जागा विकतो.
लोक नखाएवढं कार्ड तळहातावर ठेवतात
आणि म्हणतात, सगळं भर.

सगळं कधीच मावत नाही.
एकशे अठ्ठावीसला मिनिटामागे एक एमबी, ढोबळ हिशेब.
चौसष्टला अर्धा.
बत्तीसला पाव, पण मग टाळ्या
पाण्यात वाजवल्यासारख्या होतात
आणि स चा फ होतो, बोळक्या तोंडातला.
गिऱ्हाईक बघून ठरवतो मी.
लग्नात कर्ण्यावर लावणार? चौसष्ट पुरे.
ट्रकवाला? निम्मं तर इंजिनच खातं.
कुराणपठणाला मात्र हात लावत नाही,
धजतच नाही.

घुमूर आला तो दुसऱ्या दिवशी निघणार होता,
वर जाडोकडे, सोन्याच्या खाणीत, सहा महिने.
कार्ड दोन जीबीचं, कडेला दातांचे व्रण.
बोटं मोडत यादी सांगितली :
गिटारवाले, झाडून सगळे. रेडिओवरची नाटकं. पठण.
मग थोडं थांबून खिशातून दुसरा फोन काढला.
"तहाबात. इम्झाद वाजवते. चाळीस मिनिटं."

कोण लागते, मी विचारलं नाही.
घोड्याच्या केसांची एकच तार,
भोपळ्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, आणि गज.
मूळ फाइल चारशे एमबी.
सवयीने कात्री लावली : अठ्ठेचाळीस.
चारशेचे चौदा झाले. मी खूश.

त्याने कानावरचा पटका सैल केला,
एकच इअरफोन घातला, डोळे रस्त्यावर.
बराच वेळ.
"तीच आहे," म्हणाला,
"पण दुसऱ्याच्या तंबूत बसलीय."
आणि मग :
"करडू कुठं गेलं?"

कुठलं करडू?

"सातव्या मिनिटाला ती गज उचलते.
तेव्हा करडू मान झटकतं. घंटी."

मूळ फाइल लावली. आवाज चढवला.
गजाची खरखर, श्वास,
आणि तंबूच्या कुठल्याशा कोपऱ्यात
टिंग,
तांदळाच्या दाण्याएवढं.
यंत्राने ठरवलं होतं, हे कुणाला ऐकू येणार नाही.
माझ्यापुरतं बरोबर होतं त्याचं.

मी म्हटलं, पूर्ण ठेवली तर गिटारवाले बाहेर राहतील.
सहा महिने दुधाची तहान ताकावर भागव,
सगळेच भागवतात.
तो हसला. "गिटारवाले आण बत्तीसवर.
मला पाठ आहेत ते. अर्धे दिलेस
तरी उरलेले मी आतून भरेन.
हे पाठ नाही.
ती दर वेळी वेगळं वाजवते."

दोनशे फ्रँक दिले. शंभर परत करत होतो, घेतले नाहीत.

रात्री टायरवाला पत्रा ओढून गेला
तेव्हा मी एक जुना फोल्डर उघडला.
अब्बा, मिठाच्या भावावरून कुणाशी तरी हुज्जत घालतायत.
कॅसेटवरून उतरवलं होतं, डिस्क तेव्हा लहान,
मी काटकसरी : चोवीस, मोनो.
कॅसेटवर मग कुणाचं तरी लग्न भरलं.

आज तीच फाइल तीनशे वीसवर नेली.
पट्टी सरकत राहिली, फाइल तेरापट फुगली.
लावून पाहिली.
भांडं मोठं झालं, पाणी तेवढंच.

भावाचा आकडा सांगण्याआधी ते खोकायचे.
मला तो खोकला ऐकू येतो.
फाइलमध्ये आहे, की मीच आतून भरतोय,
हे सांगायला घुमूर लागेल,
आणि तो गेला वर.

मोठी पुसली. लहान ठेवली.
सकाळी तीन कार्डं भरायची आहेत.
त्यातल्या एकाने आत्ताच विचारून ठेवलंय,
सगळं मावेल ना?